ताईच्या सफरीची कुपी

कल्पना करा, मुलांनो, की तुमच्या डोक्यावर करवंटीसारखी हलकी टोपी आहे. ती घातली की दुसऱ्या कुणी खाल्लेला आंबा तुमच्या जिभेवर उतरतो. नुसती चव नव्हे, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणारा रससुद्धा. आंबा मात्र त्याच्याच पोटात गेलेला असतो. जमलं? आता आंब्याच्या जागी एक अख्खी समुद्रसफर ठेवा.

अशी टोपी वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या एका प्रयोगशाळेत होती आणि तिच्यासमोर अकरा वर्षांची रेणू खवणेकर गाल फुगवून बसली होती. तिची ताई सुनेत्रा पदवीधर झाली होती आणि पहिल्यांदाच एकटी सफरीला निघाली होती. कोणत्या कंपनीच्या जहाजाने जायचं, एवढंच ठरायचं होतं.

कंपन्या दोन. ‘नीलपंख’च्या जहाजावर सगळी तरुण मंडळी. प्रवाळबेटांपाशी डुबक्या, डेकवर गाणीबजावणी, एकट्या प्रवाशाला स्वतंत्र छोटी खोली. जेवायला सगळ्यांचं मिळून एकच लांबलचक टेबल, म्हणजे कुणी एकटं पडायला नको. ‘सिंधुयात्री’च्या जहाजावर बहुतेक निवृत्त आजी-आजोबा. दुपारी हाऊझी, जेवणात पथ्याचा वेगळा काउंटर. पण ‘सिंधुयात्री’ एक गोष्ट देत असे, जी ‘नीलपंख’कडे नव्हती. ती म्हणजे अनुभवकुपी. प्रवाशाने जे जे अनुभवलं ते या टोपीने टिपून, घरच्या एका माणसाला अनुभवता येईल अशी बोटाएवढी काचेची कुपी.

“ताई, तू सिंधुयात्रीनेच जा,” रेणू म्हणाली.

“आणि काय करू? आजोबांबरोबर हाऊझी खेळू?”

“मग मला काय मिळणार? तू पोहणार, तू नाचणार आणि मी इथे गणिताच्या क्लासला! तुला नेहमी सगळं आधी मिळतं.”

“आधी जन्मले म्हणून.”

“ती काय माझी चूक?”

शेजारी बसलेले त्यांचे बाबा हसले. ते मोठ्या मालवाहू जहाजांवर मुख्य अभियंता होते आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घरी आले होते. यंत्र दिसलं की ते आतून कसं चालतं हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“डॉक्टर, हे नेमकं काय टिपतं? चित्रं?”

मेंदूशास्त्रज्ञ डॉक्टर बेहेरे यांनी टोपी उलटी करून आतलं जाळं दाखवलं. “चित्रं तर कॅमेराही टिपतो, खवणेकर. ही टोपी आठवण तयार होतानाच पकडते. आणि आठवणीत काय काय असतं? रेणू, तुझा शाळेतला पहिला दिवस आठव बरं.”

“फाटकाला हिरवा रंग होता,” रेणू म्हणाली. “आणि मला रडू येत होतं.”

“बघा. हिरवा रंग आणि रडू एकदमच आलं. मेंदू ती दोन वेगवेगळ्या डब्यांत भरत नाही.”

“पण इंजिनात तेल गाळतो तशी भावना गाळून घेता येईल की. नुसती सफर द्यायची.”

“आम्ही करून पाहिलं. भावना काढली की रंग उडतात, चवी जातात, शेवटी काहीच उरत नाही. समुद्र पाहताना तिच्या मनात घराचं चित्र आलं, तर तेही उतरणार. शब्द उतरत नाहीत, एवढाच काय तो आडपडदा.”

“म्हणजे मला ताईचा आनंदपण मिळेल?” रेणूने टाळी वाजवली.

“जे असेल ते मिळेल,” डॉक्टर म्हणाल्या.

सुनेत्राने ‘नीलपंख’चं माहितीपत्रक आणखी एकदा शेवटपर्यंत वाचलं. पाण्याखाली हसणाऱ्या मुलामुलींच्या फोटोवर तिचं बोट थोडा वेळ रेंगाळलं. मग तिने ते पत्रक घडी करून टेबलावर ठेवलं.

“सिंधुयात्री,” ती म्हणाली. “नाहीतर ही बया वर्षभर मला झोपू देणार नाही.”

ताई गेली आणि उन्हाने रापून परतही आली. कुपी आणि टोपी रेणूच्या हाती पडली. वरच्या खोलीचं दार लावून तिने टोपी चढवली.

पहिल्यांदा वारा आला, खारट, ओला. मग पायांखाली डेक हलला. पाण्यातून डॉल्फिनची रांग उसळली आणि रेणू मोठ्याने ओरडली, “आई गं!” तिने ताईच्या डोळ्यांनी अंदमानचं हिरवं पाणी पाहिलं. तिने ताईच्या तोंडाने नारळाची मलई खाल्ली. हाऊझीत ताई जिंकली तेव्हा तीही जिंकली.

मग एका दुपारी डेकवर एक आजोबा आपल्या नातीला दोराची गाठ मारायला शिकवत होते. आणि रेणूच्या छातीत काहीतरी तापलं. ही भावना तिला पाठ होती. ताईला नवा फोन आला तेव्हा, ताईची सफर ठरली तेव्हा, हीच तर आली होती. मत्सर.

‘हा माझाच असणार,’ रेणूला वाटलं. ‘माझा तिच्यात मिसळला.’

पण मुख्य अभियंत्याची मुलगी होती ती. तिने पडताळून पाहिलं. टोपी काढली. छाती शांत. खिडकीबाहेर कावळा ओरडत होता आणि तिला भूक लागली होती, बाकी काही नाही. टोपी घातली. पुन्हा जळजळ. तीन वेळा काढली, तीन वेळा घातली. शंका उरली नाही. मत्सर कुपीतला होता.

चौथ्या वेळी तिने टोपी काढलीच नाही, आणि त्या जळजळीबरोबर एक चित्र वर आलं. याच खोलीची खिडकी. खाली खाडी. खाडीत छोटी होडी. सुकाणूवर बाबांचा मोठा हात आणि त्या हाताखाली एक लहान हात. रेणूचा.

ताई लहान असताना बाबा वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर असत, हे रेणूला माहीत होतं. आपल्याला पृथ्वी गोल आहे हे जसं माहीत असतं तसं, त्याबद्दल काहीच न वाटता. आता तिला ते वाटलं. रोज भरती लागली की बाबांची आणि रेणूची होडी निघे तेव्हा कुणीतरी या खिडकीत उभं असे.

मग रेणूला एक युक्ती सुचली. टोपी घालूनच आज होडीत जायचं आणि त्याची कुपी भरून ताईला द्यायची! सुकाणू, बाबांचा हात, सगळं ताईला मिळेल. ती उठलीसुद्धा. आणि दारापाशी थबकली. कुपीत काय काय उतरेल? होडीत बसल्यावर आपल्या मनात रोज काय असतं? ‘बाबा माझे.’ तेही उतरणार. गाळता येत नाही.

“रेणू!” खालून बाबांची हाक आली. “भरती लागली, चल लवकर!”

रेणूने टोपी काढून कपाटात ठेवली आणि जिन्यात येऊन वाकून सांगितलं, “बाबा, माझं पोट दुखतंय. आज ताईला न्या.”

“ताईला? ती येईल का?”

“विचारा तर.”

मग ती वर आली, खिडकीत उभी राहिली, आणि होडी पार वळणाआड जाईपर्यंत दात-ओठ खात बघत राहिली.