साठ किलोंचा बंद गठ्ठा

गठ्ठा दुपारच्या आत मोलगीच्या बाजारात पोचायला हवा होता, आणि तोही बंद. सालेहाची दुसरी कुठलीच अट नव्हती. साठ किलो वजन, चारी बाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेल्या, आणि आत परदेशातल्या लोकांनी वापरून टाकलेले कोट आणि जाकिटं. बाहेरून आलेले असे जुने कपडे या देशात विकायला बंदी आहे. कापून त्यांच्या चिंध्या केल्या तर मात्र कायद्याची तक्रार नाही. सालेहाला हे तोंडपाठ झालं होतं, कारण गेल्या दोन आठवड्यांत घाटाखालच्या नाक्यावर तपासणी पथकाच्या नवनीत साहेबांनी तिला ते दोनदा वाचून दाखवलं होतं. दोन्ही वेळा वाचून झाल्यावर गठ्ठा जप्त!

मोलगीच्या बाजाराचाही एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सरकारी कायद्यापेक्षा कडक पाळला जायचा. सलग तीन बाजार ज्याच्या जागेवर दुपारपर्यंत माल पसरला गेला नाही, त्याची जागा दुसऱ्याला गेली. चिंचेखालची सहा हात जमीन बावीस वर्षं सालेहाची होती. मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ती तिथे येऊन बसली होती. दोन बाजार रिकामे गेले होते. आज तिसरा होता. सडकेवर पथक डोळ्यांत तेल घालून बसलं होतं, म्हणून उरली ती जंगलातली पायवाट.

वाट दाखवायला वाहरू होता. त्याचं सारं आयुष्य याच कड्यांवरून मध काढण्यात गेलं होतं. तट्टू आणला होता ब्राह्मणपुरीच्या नथ्थूने. नथ्थू बाजारात सालेहाच्या शेजारी सुकी मिरची विकायचा आणि वीतभर जमिनीवरून दहा वर्षं तिच्याशी भांडत होता. तो मदतीला आला याचं तिला नवल वाटलं, तेव्हा त्याने खुलासा करून टाकला.

"तू वाईट शे भाभी, पण रूपचंद तुन्हापेक्षा वाईट. तुन्ही जागा त्याले मिळनी तर तो बादल्या इकाले भोंगा लाई, आनि दिनभर मन्हा कानमां वाजाडी."

पहाटेचं दंव अजून वाळलं नव्हतं. वाहरूच्या पाड्यावरून निघतानाच पहिली ठिणगी पडली. नथ्थूचं म्हणणं सरळ होतं. गठ्ठा फोडावा, दोन भाग करावेत, तट्टूच्या दोन्ही अंगांना लटकवावेत.

"असा पाठवर उंच बसाडा तर त्याना तोल जाई."

"उघडा गठ्ठा मोलगीमां कोन ली?" सालेहाने पट्टीला हातही लावू दिला नाही.

तिचंही खोटं नव्हतं. या धंद्यात गठ्ठा फुटतो तो गिऱ्हाइकासमोर. पट्ट्या तटातट तुटतात, माणसं तुटून पडतात, ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. आधी उघडलेल्या गठ्ठ्यातून चांगला माल काढून घेतलाय असं सगळे धरून चालतात आणि पुढे सरकतात. बावीस वर्षांत सालेहाने वाटेत एकदाही पट्टी तोडली नव्हती. नथ्थूने तट्टूच्या कानात तिला दोन शिव्या दिल्या आणि तो चालू लागला.

सागाची मोठाली वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. पुढे बांबूचं बन लागलं आणि तिथे गठ्ठा दोन कळकांत असा अडकला की वाहरूला कोयत्याने अर्धा तास बांबू तोडावे लागले. नाल्यात शेवाळावरून तट्टूचे मागचे पाय घसरले. तिघांनी खांदे लावून त्याला काठावर चढवलं, तेव्हा कमरेपर्यंत गार पाण्याने भिजलेली सालेहा दात वाजवत उभी होती आणि नथ्थू तिला सांगत होता की हे तिनेच ओढवून घेतलंय. तिने गठ्ठ्याच्या पट्ट्या चाचपल्या. सूर्य सागाच्या शेंड्यांवर आला होता आणि अर्धी वाट बाकी होती.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"थांबा! गठ्ठा खाली ठेवा!"

नवनीत साहेब! कुणीतरी खबर दिली होती आणि हा माणूस नाका सोडून डोंगर चढून आला होता. त्याचे दोन शिपाई नाल्यापाशीच धापा टाकत बसले होते. साहेब मात्र एकटाच, सदरा घामाने भिजलेला, हातात पंचनाम्याचे कागद घेऊन वर येत होता. सालेहाला त्याचा मनापासून तिरस्कार वाटला. एवढी जिद्द चोर पकडायला लावली असती तर जिल्ह्यात कुलूप विकलं गेलं नसतं.

"चाल, चाल!" नथ्थू तट्टूवर खेकसला.

पुढे कडा होता. डावीकडे सरळ उभा खडक, उजवीकडे घळ, मधे जेमतेम एका जनावराची वाट. वाहरू लगाम धरून पुढे गेला. मागे तट्टू, त्याच्या मागे सालेहा आणि नथ्थू. साहेबांनी धावत येऊन दोघांना खडकाकडे रेटत ओलांडलं, तट्टूच्या उजव्या अंगाला, थेट घळीच्या काठावर पोचून गठ्ठ्याची पट्टी धरली.

"हा माल जप्त—"

तट्टू बिचकला. पाठीवर उंच बसलेला गठ्ठा कलून डावीकडच्या खडकावर आदळला. धक्क्याने जनावर उजवीकडे फेकलं गेलं. त्याच्या पुठ्ठ्याचा दणका साहेबांना बसला. पाय सुटले. कागद उडाले. माणूस दिसेनासा झाला!

गठ्ठा दोर तुटून वाटेवर पडला. वाहरूने तट्टूला पुढे ओढून नेलं. सालेहा पोटावर झोपून काठावरून खाली डोकावली. वीसेक हात खाली साहेब एका पिंपळाच्या मुळाला लोंबकळत होते. एक पाय कुठल्याशा दगडावर टेकलेला, दुसरा हवेत. त्यांच्या खाली पार तळापर्यंत काही नव्हतं.

गठ्ठा दोन भाग करून लटकवलेला असता तर तो असा कलून खडकावर आदळला नसता. हे तिला लख्ख कळलं. नथ्थूलाही कळलं.

"दोर पाहिजे," वाहरू म्हणाला. "पंचवीस हात." मधाचा हंगाम नव्हता म्हणून त्याचा दोर घरी खुंटीला होता. गठ्ठ्याचा तुटका दोर सात हात भरला.

"त्याना शिपाई येतीन मागेथून," नथ्थू घळीकडे न बघता म्हणाला. "आपन आते थांबनूत तर जागा गई, भाभी."

शिपाई यायला तासभर तरी लागणार होता. मुळाची माती आत्ताच भुरूभुरू गळत होती. सालेहाला मरणाची भीती वाटली. साहेबांच्या मरणाची, आणि बावीस वर्षांच्या जागेचीही, दोन्ही एकदमच. तिने कमरेची कात्री काढली आणि पट्टी तोडली.

तरी माल वाचवायची हाव सुटली नाही. तिने चकचकीत जाकिटं न कापता बाहीला बाही बांधली. अठरा जाकिटांची माळ करून खाली सोडली. साहेबांनी धरली. तिघांनी ओढली. हातभर वर आली आणि गुळगुळीत कापडाच्या निरगाठी एकामागून एक सरकल्या! जाकिटं भरारत घळीत गेली. साहेब पुन्हा मुळावर आदळले आणि मूळ कडाडलं.

"कापाले पाहिजे, बाई," वाहरू म्हणाला. "कापडाच्या पट्ट्या काढ. मी पीळ देतो."

आता राहिले होते लोकरीचे कोट, गठ्ठ्यातला खरा माल. कमलीबाई नावाची म्हातारी दोन आठवडे अशा एका कोटासाठी थांबली होती. सालेहाने पहिला कोट उलटा केला, पाठीच्या शिवणीत कात्री घातली आणि उभा फाडला. मग दुसरा. मग तिसरा. कुठलं कापड ताण धरतं हे तिच्या बोटांना माहीत होतं. गळपट्टी टाक. अस्तर ठेव. बाही उभी काप. नथ्थू पट्ट्या जोडत होता, वाहरू मांडीवर घासून अंबाडी वळावी तसा तिपेडी दोर वळत होता. चाळीस कोट संपले तेव्हा तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि डोळ्यांतून पाणी.

दोर खाली गेला. साहेबांनी तो काखेखालून बांधला. तट्टू पुढे, माणसं मागे. ओढ! थांब. ओढ! मूळ सुटून घळीत कोसळलं. दोर ताणला, करकरला, आणि टिकला. शेवटी दोन सोललेले हात काठावर आले.

साहेब उताणे पडून होते. घोटा सुजला होता. मग त्यांनी भोवती पसरलेल्या तुकड्यांकडे पाहिलं.

"तुम्ही पुरावा नष्ट केलात," ते म्हणाले.

नथ्थूने त्यांना परत खाली सोडायची तयारी दाखवली. सालेहाने तुकडे आणि दोर बाजारात पसरायच्या चादरीत गोळा केले. शिपायांचा अजून पत्ता नव्हता आणि तट्टूची पाठ रिकामी होती, म्हणून त्याच्यावर साहेबांना बसवलं.

"गठ्ठापेक्षा हलका शे," नथ्थू म्हणाला.

त्यांनी उरलेली वाट पळत काढली. मोलगीत शिरले तेव्हा चिंचेची सावली बुंध्यापाशी येऊन ठेपली होती आणि रूपचंद सहा हात जमिनीवर स्वतःची ताडपत्री उलगडत होता. अर्धी उलगडून झाली होती.

"मन्हा माल उना," सालेहा म्हणाली, आणि त्याच्या ताडपत्रीवर पाय देऊन तिने चादर उपडी केली.

चिंध्यांचा ढीग बघून लोक हसले. रूपचंदही हसला. पण माल तो माल. बाजारातल्या जुन्या माणसांनी आभाळाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि रूपचंदला माना हलवून नकार दिला. त्याने ताडपत्री गुंडाळली आणि जाताना भोंगा मुद्दाम एकदा वाजवला.

साहेब लंगडत जागेशी आले. खाली वाकून त्यांनी एक बाही उचलली, उलटसुलट केली.

"परदेशी जुने कपडे आहेत हे."

"कपडा कोठे शेतस, साहेब?" सालेहा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चिंध्या शेतस. तुमनाच कायदामां बसतीस. पुन्हा वाची दाखाडा."

त्यांनी बाही टाकून दिली आणि समोरच्या चहाच्या बाकावर जीपची वाट बघत बसले. घोट्याचं दुखणं आणि अपमान दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सालेहाला त्यांची दया आली नाही.

कमलीबाई आली. तिने कोट मागितला नाही, ढिगाकडे बघूनच समजली. गोधडीत भरायला तिने लोकरीचे तुकडे ओंजळी भरून घेतले. सालेहाला तिच्याकडे बघवेना.

मग डोंगरातला एक शेतकरी ढिगाशी थांबला. त्याने रंगीबेरंगी तिपेडी दोर उचलला, दोन्ही हातांत ताणून पाहिला.

"बैल धरील का हा?"

सालेहाने चहाच्या बाकाकडे बोट केलं.

"त्या साहेबले इचार."

शेतकरी दोर घेऊन समोर गेला. नथ्थूने मिरची मोजायची थांबवली. आजूबाजूची माणसंही बघू लागली. साहेबांनी दोराकडे पाहिलं. काखेखाली त्याचा वळ अजून जळत असणार.

"धरेल," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघू लागले.