फोल्डरच्या आतलं फोल्डर

उत्तनच्या बसमध्ये शेजारचा तरुण मोबाइलवर बोट आपटत पुटपुटत होता, “हे ॲप बनवणाऱ्याला एकदा माझ्या पुढ्यात आणा!”

“आणलंय... मीच ती,” निशिगंधा म्हणाली, आणि त्याचा पडलेला चेहरा बघून तिला हसू आवरेना.

भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या कंपनीत ती फायली ठेवायचं ॲप बनवायची. मैत्रिणीकडे जेवायला निघाली होती, वाटेत हा मॅक्सवेल भेटला. गावातल्या लग्नांची जुनी गाणी त्यानं म्हाताऱ्या बायकांकडून रेकॉर्ड करून घेतली होती. उत्तनच्या फोल्डरमध्ये लग्नं, लग्नांमध्ये नवरानवरीच्या अंघोळीसाठी विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतानाची गाणी, त्यात घराघरांची नावं. पण ॲपच्या यादीत दोन पायऱ्या उतरलं की पुढे सगळं कोरं!

“मावशीचा आवाज हाय आत. उघडत न्हाय,” तो म्हणाला. तक्रार करतानाही डोळे हसरे... निशिगंधा तिथेच फसली.

त्या रविवारी ती दुरुस्तीला त्याच्या घरी गेली. मग पुढच्याही. त्याची आई गर्ट्रूड ओट्यावर बोंबील साफ करता करता दोघांकडे बघून गालातल्या गालात हसायची.

खरं तर काम एका संध्याकाळचं होतं. फोल्डर उघडलं की आतल्या फोल्डरसाठी तीच यादी पुन्हा मांडायची, मग ते कितीही खोल असो. निशिगंधानं ते केव्हाच करून ठेवलं होतं. पण दिलं, की उत्तनला यायचं निमित्तच संपणार! म्हणून बाईसाहेब दर खेपेला एकेकच पायरी उघडून देत. आणि दर बुधवारी त्याचा फोन — “अजून एक आत हाय गं... न्हाय उघडत.”

शेवटी कंपनीतल्या साहेबांनी दुरुस्ती संपवायची तारीख दिली. रविवारी तिनं जड मनानं पूर्ण दुरुस्ती त्याच्या मोबाइलवर चढवली.

“घे. आता कितीही आत जा,” म्हणत तिनं स्वतःच यादी उघडली. मावशीच्या गाण्याचं फोल्डर मागे पडलं. पाचवं फोल्डर, सहावं, सातवं... सगळ्यात आतलं रिकामं.

“यात काहीच नाही!”

“न्हाय.”

“मग केलंस कशाला?”

मॅक्सवेलचे कान लाल झाले. “गाणी कवाच उघडली होती. तू यावीस म्हणून... मी आत आत फोल्डर करत गेलो.”

निशिगंधा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “वेड्या... मला महिन्यापूर्वीच जमलं होतं.”

“मंग दिलं का न्हाय?”

“दिल्यावर बोलावलं असतंस?”

आतून गर्ट्रूडनं ताटं मांडल्याचा आवाज आला.

“आता तर बिघाडच उरला न्हाय,” तो हळूच म्हणाला. “तरी येशील... पुढच्या रविवारी?”

“कशाला?”

“तू मला आवडतेस — म्हणून.”

“येईन,” निशिगंधा म्हणाली. “तूही मला आवडतोस. आणि या वेळी लॅपटॉप घरीच ठेवून येईन.”