सत्यभामाबाईंचं राहिलेलं मत

तो खाट न्यायला आला होता, आणि ती नेमकी त्याच खाटेवर बसली होती.

नगरपरिषदेच्या निवडणुकीला पंधरा दिवस उरले होते. सकाळचे सात वाजले होते, आणि वैनगंगेवरून उठलेलं धुकं भंडाऱ्याच्या त्या वस्तीत कवेलूंच्या छपरांवर टेकून बसलं होतं. पुढारी कवडूभाऊंच्या ओसरीत पक्षाचे कार्यकर्ते जमले होते. खाटेवर मतदारयादी पसरून मनाली एकेकाला त्याचं पान देत होती. एका पानावर तीसेक नावं. ज्याचं पान, त्यानं त्या घरांत चिठ्ठ्या पोचवायच्या आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हात धरून केंद्रावर न्यायचं.

दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला.

"उशीर झाला तुम्हाला," मान वर न करता मनाली म्हणाली. "हे घ्या. पान चार."

त्यानं पान घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम... मी खाट न्यायले आलो जी. सत्यभामाबाईची आहे, उसनी आनलेली. तुमी बसल्या ते."

ओसरी हसली. मनाली इतक्या घाईनं उठली की अर्धी यादी जमिनीवर गेली. तो वाकून कागद गोळा करू लागला.

"बसा, बसा. खाट राहू द्या," तो म्हणाला. "पानबी राहू द्या माझ्यापाशी."

हा अंकुश. लाखनीकडचा. वरठीच्या कारखान्यात नोकरी लागल्यापासून मागच्या गल्लीत आजीजवळ, सत्यभामाबाईंकडे, राहत होता. पाळी सुटली की तो मोटारसायकल थेट ओसरीसमोर आणून लावायचा आणि मनालीबरोबर गल्ल्या पालथ्या घालायचा. त्याच्या स्वेटरला लोखंडाचा वास यायचा. तिला तो आवडतो हे तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"आमच्या घरचं पान त्या नव्या मेघाकडं काहून देलं?" त्यानं एकदा विचारलं.

"आपल्या घरचं पान आपल्याकडे ठेवायचं नाही. घरच्या कामात माणूस ढिला पडतो. बाबांचा नियम आहे."

"आनि नियम मोडला तं?"

"तर खाट जप्त."

"जप्तच आहे जी... आठवडा झाला, आजी खाली निजून राहिली."

ती हसली आणि लगेच गप्प झाली. बाबा गेल्यापासून हसू आलं की तिला असंच व्हायचं, जणू कुणाच्या तरी ताटातलं उचलून खाल्लं. तिच्या वडिलांनी, डोमाजींनी, तीस वर्षं या वस्तीतले कार्यकर्ते सांभाळले होते. श्रावणात ते गेले आणि यादीची पिशवी न मागता तिच्या खांद्यावर आली.

मतदानाच्या चार दिवस आधी यादीतल्या मृतांवर लाल रेघ मारायची होती, म्हणजे त्या नावाची चिठ्ठी निघत नाही आणि कार्यकर्त्याची फेरी वाया जात नाही. सातव्या पानापाशी मनालीचा पेन थांबला. डोमा नावाची ओळ होती. अंकुशनं ते पाहिलं.

"द्या इकडं," तो हळूच म्हणाला. "मी मारतो."

"माझं काम मला येतं."

तो उठून पाणी प्यायला गेला. तिनं पट्टी ठेवली, डोळे मिटले... आणि रेघ ओढली. मग त्या पानाकडे पुन्हा न बघता ते कार्यकर्त्यांसाठी झेरॉक्स काढायच्या गठ्ठ्यात सरकवलं.

मतदानाच्या सकाळी अंकुश शाळेबाहेरच्या पक्षाच्या टेबलावर बसला होता.

"आजीची चिठ्ठी आली नाई जी. मी जाऊन घेऊन येऊ का तिले?"

"जागा सोडायची नाही. ज्याचं पान त्यानं पाहायचं. मेघा आणेल."

दुपारी त्यानं पुन्हा विचारलं, "आजीचं झालं असंन ना?"

"झालं," मनाली म्हणाली. तिनं पाहिलं नव्हतं. पण बाबांची पद्धत कधी चुकत नसे, आणि ती आता बाबांच्या जागी होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मेघा धापा टाकत आली. कॉलेजात शिकणारी, पलीकडच्या वस्तीतली मुलगी. पहिलीच निवडणूक तिची.

"ताई, माझ्या पानावर एकच राहिले. डोमा म्हणून कोणी आहेत. घर विचारलं तं लोक नुसते पाहूनच राहतात माझ्याकडं."

मनालीनं पान ओढून घेतलं. बाबांची ओळ स्वच्छ होती. रेघ खालच्या ओळीवर होती. सत्यभामा.

ती धावली. मागच्या गल्लीत ओट्यावर सत्यभामाबाई बसल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं, केसांना तेल, हातात काठी.

"मेघा आली का गं?"

"मी मनाली, आजी. चला लवकर."

"डोमाची पोरगी होय! सकाळपासून बसून राहिली मी. चहाबी नाई घेतला, म्हटलं बलावतीन आन् मी आत राहीन."

चौऱ्यांशी वर्षांचे पाय. मनालीला त्यांना उचलून घ्यावंसं वाटलं. शाळेचं फाटक दिसलं तेव्हा शिपाई ते लावत होता. साडेपाच झाले होते.

सत्यभामाबाईंना नीट दिसत नव्हतं. फाटकाचा आवाज मात्र कळला. त्यांनी शाई न लागलेलं बोट अंगठ्यानं चोळलं.

"आजवर एकबी चुकलं नवतं," त्या म्हणाल्या. एवढंच.

टेबलापाशी उभ्या असलेल्या अंकुशनं दोघींना पाहिलं. "झालं म्हटलं होतं ना तुमी?" त्यानं विचारलं. त्यानं आजीचा हात आपल्या हातात घेतला आणि तो तिला घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत कवडूभाऊ मेघाला बोलत होते. "एक म्हातारी सांभाळता नाई आली तुले? कायले नाव नोंदवलं मंग?" मेघा रडत होती. "यादीत रेघ होती, भाऊ..." अंकुश भिंतीला टेकून उभा होता.

क्षणभर मनाली गप्प राहिली. रेघ चुकली कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या एका क्षणाची लाज तिला रेघेहून जास्त वाटली.

"रेघ मी मारली," ती म्हणाली. "बाबांच्या नावावर मारायची होती. मला बघवेना, म्हणून डोळे मिटले. पान पुन्हा तपासलंही नाही. दुपारी यादी न पाहताच अंकुशला 'झालं' म्हणाले. मेघाची काही चूक नाही."

कवडूभाऊ खाली पाहत राहिले. एकेक जण चपला घालून निघून गेला. अंकुश थांबला.

"मी मांगतला होता पेन. काहून नाई देला?"

"तुम्ही मारली असती तर... बाबा खरंच गेले असते."



"राग आहे मले," तो म्हणाला. "लई आहे. पन काल रातपाळीले जाताना गाडी तुमच्याच दारावरून नेली. मांगचा रस्ता जवळ पडते, तरीबी. आता याले काय म्हनाव सांगा."

मनालीला तोंड वर करवेना. "मी खिडकीत होते," ती कशीबशी म्हणाली. "आवाज ओळखते मी... पण ते सांगण्याआधी मला आजींकडे जायचंय."

सत्यभामाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मनालीनं त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"म्हंजे मले जित्तीच मारली तू!"

"हो, आजी. माफ करा म्हणायचंही तोंड नाही मला."

"नाई करत माफ. जाय." त्या चाचपडत खडे वेचत राहिल्या. "पुढचं मतदान कवा?"

"नगरपरिषदेचं? पाच वर्षांनी."

"मंग पाच वर्सं रोज येत जाय. दारात उभी राहून इचारत जाय, सत्यभामाबाई, जित्त्या आहा का? मेल्याबिगर एकबी दिस नागा करायचा नाई. तवा मले मतदानाले नेशीन, मंग पाहू माफीचं."

"येईन. रोज येईन."

दाराच्या चौकटीला टेकलेला अंकुश खाकरला.

"आजी, पाच वर्सं रोज येनं-जानं कायले? चप्पल झिजंन त्याहिची. इथंच राहू देनं ना..."

सत्यभामाबाईंचे हात सुपात थांबले. मनालीचे कान तापले. लाज जागची हललीच नव्हती, आणि तिच्याच शेजारी हे दुसरं काहीतरी अंग चोरून येऊन बसलं होतं. तिनं सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागली.

"आधी आजींना विचार," ती म्हणाली. "माझा शब्द कालपासून धरण्याजोगा राहिला नाही."

"मले कायले इचारते?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी तं मेली ना, यादीत!"

आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अंकुश पाण्याला धावला, मनाली पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि ठसका थांबल्यावरही तिनं तो हात काढला नाही.