हिंजवडीकडे वाकलेली बाग

काचेच्या बरणीत बाग उगवते म्हटलं की नववीचा वर्ग गप्प बसतो. एरवी येरवड्यातल्या आमच्या शाळेत हे हेडमास्तरांनाही जमत नाही. म्हणूनच निवृत्तीनंतरही हा प्रयोग करायला दरवर्षी मला बोलावतात. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात मोरचूद आणि हिराकसाचे खडे टाकायचे. पाहता पाहता निळे-हिरवे कोंब फुटतात आणि सरळ वर चढतात.

यंदा शाळेतलं डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं. आम्रपाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिथलीच रसायनाची मॅडम. तिनं घरून इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन आणला.

"चालेल ना, सर? बुद्धभूषणनं आणून ठेवला होता. अर्धा उरलाय."

बुद्धभूषण तिचा नवरा. गेल्या वर्षी एका सकाळी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये चढला, तो ना ऑफिसात पोचला, ना घरी आला. पोलिसांनीही हात टेकले. आता सासूबाईंनी, शालनताईंनी, तो गेलाच असं धरून रविवारी त्याचं पुण्यानुमोदन ठरवलं होतं. आम्रपाली अडून बसली होती. तो गेलाय हे कळल्याशिवाय त्याच्या फोटोला हार घालायचा नाही.

"चालेल," मी म्हणालो. "कोंबांना काय कळतंय, पाणी कुणाचं ते."

कोंब वर चढले. मग सगळे एकाच बाजूला झुकले.

"सर, असे का वाकले हो?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"तुझ्यासारखेच आहेत. तास चालू असताना बाहेर बघतात."

वर्ग हसला. मी बरणी अर्धी फिरवली. कोंब सावकाश वळले आणि पुन्हा त्याच बाजूला आले. हे कोंब अंड्याच्या टरफलासारखे ठिसूळ असतात. धक्का लागला तर मोडतात. वळत नाहीत.

"तिकडे हिंजवडी आहे," आम्रपाली हळूच म्हणाली.

"तिकडे मुंबईही आहे. आणि त्याआधी आपल्या शाळेची मुतारी."

तिला हसू यावं म्हणून म्हणालो. आलं नाही. संध्याकाळी बरणी मांडीवर घेऊन ती रिक्षानं घरी गेली.

रविवारी मीही गेलो. हॉलमध्ये सतरंज्या, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, शेजारी बुद्धभूषणचा फोटो. बरणी टीपॉयवर. सासू-सुनेची तडजोड झाली होती. वंदना संपेपर्यंत कोंब हलले नाहीत, तर आम्रपाली हार घालणार.

भन्तेजींनी त्रिशरण सुरू केलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे आणि आम्रपालीचे बरणीवर.

वंदना संपत आली. ती हार हातात घेऊन उठणार, तोच कोंब हलले.

आधी रस्त्याच्या बाजूला. मग जिन्याच्या.

"आई, थांबा," आम्रपाली म्हणाली. "तो येतोय."

शालनताईंनी डोळे उघडले. "कोण गं?"

मी दारात जाऊन पाहिलं. जिना रिकामा होता. खाली नुसत्या पाहुण्यांच्या चपला.

वळलो तेव्हा कोंब माझ्याकडे रोखलेले होते.

मग ते माझ्यावरून सरकले. बसलेल्या माणसांवरून एकेक करत पुढे गेले. आम्रपालीच्या शेजारच्या मोकळ्या जागेशी थांबले.

तिनं हार मांडीवर ठेवला. तिकडे न बघताच थोडं सरकून जागा केली.

सतरंजीला तिथं एक सुरकुती पडली होती. ती हळूहळू सपाट झाली.