एक लांब, दोन आखूड

आमच्या बोटीत मला आधी त्याचे पाय दिसले. बाकीचा तो डॅशबोर्डखाली होता.

"कोण आहे?" मी छत्री भाल्यासारखी धरून विचारलं.

"इलेक्ट्रिशियन," पाय म्हणाले. "तुम्हीच बोलावलंत ना? निळी बोट?"

"ही हिरवी आहे."

पाय विचारात पडले. मग सावकाश पूर्ण माणूस बाहेर आला. गालावर ग्रीस, हातात टॉर्च, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर.

"माफ करा. धुक्यात सगळ्या बोटी निळ्याच दिसतात. पण आता उघडलंच आहे म्हणून सांगतो, हिची अवस्था वाईट आहे."

"आमची सगळ्यांचीच आहे," मी म्हणाले.

बाबा जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मी असलं काही बोलले की लोक घाईघाईनं हसायचे आणि चहाचं विचारायचे. हा हसला नाही. त्यानं हात पुसले आणि विचारलं, "काय झालं?"

मग काय, सांगितलं. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. बोट सुरू झाली तर ती त्याची. नाही झाली तर दादा ती भंगारवाल्याला देणार, आणि भंगारवाला तिचे करवतीनं तुकडे करणार. दादानं आठवडाभर किल्ली फिरवून पाहिली होती. इंजिन घुरघुरायचं, पण पेटायचं नाही. धक्क्यासमोरच आमचं घर. वरच्या खिडकीत आई बसलेली असायची, गप्प. काल मात्र एवढंच म्हणाली होती, "कापू नका रे तिला."

"बॅटरी चांगली आहे," मी म्हणाले. "दादानं मोजलीय. साडेबारा व्होल्ट."

"काम नसताना सगळेच साडेबारा दाखवतात. किल्ली फिरवा, मी मोजतो."

मी फिरवली. त्यानं मीटरची टोकं इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला टेकवली आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाला, "सहा."

"वाचेल?"

"किल्लीपासून कॉइलपर्यंतची तार आतून सडलीय. इंजिन एकदा चालू झालं की एवढ्यावर भागतं. पण सुरू होताना ठिणगीला जोर लागतो, तो पोचत नाही." त्यानं डोकं खाजवलं. "मग इतकी वर्षं ही सुरू कशी व्हायची?"

"बाबा करायचे."

"कशी?"

"किल्ली... आणि हॉर्न. रोज सकाळी. एक लांब, दोन आखूड. आईसाठी. ती खिडकीतून हात करायची." मी छत्रीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात प्रेम म्हणून तेवढंच होतं. बाकी दिवसभर दोघं कोथिंबीर कुणी सडवली यावर भांडायची."

तो पुन्हा खाली गेला. बराच वेळ नुसते पाय. वर आला तेव्हा हातात लाल तारेचं टोक होतं आणि चेहरा उतरलेला.

"ही हॉर्नच्या बटणापासून कॉइलला गेलीय. घरगुती काम आहे, वरून चिकटपट्टी. हॉर्न दाबून किल्ली फिरवली की ठिणगीला पूर्ण वीज मिळते. सडकी तार बदलायच्या ऐवजी..."

"म्हणजे हॉर्न इंजिनासाठी होता."

त्यानं चिकटपट्टीचं सुटलेलं टोक पुन्हा दाबून बसवलं.

"अकरा वर्षं," मी म्हणाले, "माझी आई एका कॉइलला हात करत होती."

मला हे हसत म्हणायचं होतं. ते जमलं नाही. त्यानं खिशातलं फडकं पुढे केलं आणि मी त्यात तोंड खुपसून रडले.

"तुमच्या नाकाला आता ग्रीस लागलंय," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"तुमच्या गालाला मघापासून आहे. मी काही बोलले?"

"नाही. पण बघत होतात."

...बघत होते. काळे डोळे, झोप कमी. झालं, डोळ्यांचं सांगून.

"नवी तार टाकतो," तो म्हणाला. "हॉर्नची ही जोडणी काढतो. आईंना कळायची गरज नाही."

मी मान हलवली. पुढचा तासभर मी टॉर्च धरला आणि त्यानं तार ओढली. दोनदा बोटांना बोटं लागली. दोन्ही वेळा आम्ही दोघांनी तारेची माफी मागितली. पलीकडे निळ्या बोटीचा मालक धुक्यात कुणाला तरी शिव्या देत होता. कुणाला, ते आम्हाला माहीत होतं.

चारला दादा गिऱ्हाइकाला घेऊन आला. आणि मागून, चार महिन्यांत पहिल्यांदा, आई धक्क्यावर उतरली. बाबांचा रेनकोट घालून.

गिऱ्हाइकानं किल्ली फिरवली. इंजिन पेटलं. हॉर्नशिवाय.

आईनं कान दिला. "तार बदलली का?"

माझ्या हातातून छत्री पडली. "आई... तुला माहीत होतं?"

"अगं, ती लाल तार जोडताना टॉर्च कुणी धरला होता? तासभर माझ्यावर खेकसत होते, 'नीट धर, नीट धर.'" तिनं माझ्या नाकावरचं ग्रीस पदरानं पुसलं. "सुरू करायला एक लांब पुरायचा. आखूड दोन माझे."

बोट निघाली. गिऱ्हाइकानं हॉर्न वाजवला नाही. त्याला कारणच नव्हतं. आईचा हात खांद्यापर्यंत वर गेला, तिथंच थांबला आणि खाली आला. मग हिरवी बोटही धुक्यात निळी झाली.

इलेक्ट्रिशियन हत्यारांची पेटी उचलून माझ्याजवळ आला. "निळीचं काम उद्यावर गेलं."

"उद्या चुकून कुठल्या बोटीत शिराल?"

"तुमची तर आता नाही..."

"नाही. पण मी धक्क्यावर असते. आठच्या सुमारास. काही काम नसतं."

तो काहीतरी म्हणणार होता... पण दादा बघत होता. तो नुसताच आपल्या व्हॅनकडे गेला. व्हॅन एका फटक्यात सुरू झाली, वळली, धुक्यात शिरली. आणि तिथून हॉर्न आला.

दोन. आखूड.

मी आईकडे बघितलं. "व्हॅनच्या तारेत काही बिघाड असेल का गं?"

"बये," आई म्हणाली, "हात वर कर."