खलीलची उरलेली कामं

पूर्वी नळ गळायला लागला की मोहिनीला फोन जायचा. नाशिकला द्वारका चौकाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ललितचं ऑफिस होतं. फ्लॅटचे मालक मुंबईला नाहीतर दुबईला, आणि त्यांचे भाडेकरू सांभाळायचं काम ललितकडे. तक्रार आली की मोहिनी आम्हा कारागिरांना गाठायची. मी सुतार, खलील प्लंबर. ती विचारायची, "कोंडाजीमामा, पाथर्डी फाट्यावर एक दार घासतंय, जाता का?" मी म्हणायचो, "येतो." खलील म्हणायचा, "हा काय, निघालोच." तेव्हा तो जेवायला बसलेला असायचा.

नाही म्हणायची आमच्यात रीत नव्हती. नाही म्हटलं की समोरचा खट्टू होतो, आणि पुढच्या वेळी बोलावतही नाही. येतो म्हणजे आज, उद्या, नाहीतर परवा. मोहिनीला ते बरोबर कळायचं. ती भाडेकरूला सांगायची, "खलीलभाई निघालेत म्हणतात, म्हणजे उद्या दुपारी धरा." कुणाचं काही अडत नव्हतं.

दोन हजार सातच्या सुमाराला ललितने कॉम्प्युटर बसवला. भाडेकरूने फोन करून बटण दाबायचं, पाण्याची तक्रार, विजेची की दाराची. मग कॉम्प्युटर आपला आपणच कारागिराला फोन लावायचा आणि जागा, दिवस, वेळ सांगायचा. येणार असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. आवाज मोहिनीचाच होता. सगळ्या इमारतींची आणि आम्हा सगळ्यांची नावं तिच्याकडून माइकवर म्हणवून घेतली होती. ते काम संपलं आणि तिला घरी बसवलं.

"माझा गळा तेवढा ठेवून घेतला, मामा," जाताना ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण पाणी प्यायला थांबली नाही.

खलील पुरतं ऐकायचाही नाही. फोन वाजला की एक.

"अरे, काय म्हणते ते तरी ऐक."

"ऐकून काय करू, कोंडाजी? नाही थोडंच म्हणणार आहे?"

पण कॉम्प्युटर ते खरं धरायचा. सातपूरचं काम संपायच्या आत नाशिकरोडचं. उशीर झाला की मोहिनीचा आवाज पुन्हा यायचा, तितकाच गोड. एका भर पावसाच्या सकाळी खलील घाईघाईने द्वारकेचा चौक ओलांडत होता आणि त्याची स्कूटर ट्रकखाली गेली. तो पडल्यावरही खिशातला फोन वाजत होता, असं तिथला पानवाला म्हणाला.

खलील गेला, त्याचा चाळिसावा दिवसही झाला. त्यानंतर मी पाथर्डी फाट्याला एका कामावर गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथे वत्सलाबाई म्हणून एक निवृत्त नर्स नुकत्याच भाड्याने राहायला आल्या होत्या. स्वयंपाकघराचं दार फुगलं होतं. रंधा मारताना माझी नजर सिंककडे गेली. पाइपाच्या जोडावर सूत गुंडाळून सफेदा, गळती थांबवायचा पांढरा लेप, फासला होता. अजून ओला होता. त्या वर्षांत सगळे प्लंबर टेप गुंडाळायचे. सूत आणि सफेदा वापरणारा आमच्यात एकटा खलील होता.

"हे कुणी केलं, बाई?"

"खलील शेख म्हणून आले होते सकाळी. फोनवर नाव सांगितलं होतं ना. उंच, दाढीवाले. माणूस भला, पण पाय ओढत चालत होते. काही लागलंय का त्यांना?"

मी बाईंना काही सांगितलं नाही. दार तसंच अर्धवट घासून खाली उतरलो. वाटलं, कुणीतरी त्याच्या नावावर कामं करत असेल. पण मग आणखी दोन इमारतींत हेच ऐकलं. तोच सफेदा, तीच दाढी, तोच पाय.

मी दूध बाजारात खलीलच्या घरी गेलो. नूरबानोभाभींना मी काही विचारायच्या आतच त्यांनी कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत खलीलचा फोन होता. दोन तुकडे झालेला, बॅटरी नसलेला.

"हात लावून बघा, भाईजान."

तुकडे गरम होते. चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखे.

"काम आलं की असाच तापतो," भाभी म्हणाल्या. "मग रात्रभर मला त्यांच्या हत्यारांच्या पिशवीचा आवाज येतो. जिवंत होते तोवर राबवलं. आता कबरीतूनही उठवणार का? तुम्ही ललितशेठना सांगा. त्यांचं नाव काढा म्हणावं. माझ्या माणसाला झोपू द्या."

ललितने मला चहा पाजला. सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला.

"हे बघा मामा, खलीलभाई सगळ्यात वर आहेत. एकही काम नाकारत नाहीत. म्हणून तो त्यांनाच आधी फोन लावतो."

"मेलाय तो, ललित. तू मातीला आला होतास."

"आलो होतो ना." त्याने पडद्यावरून बोट फिरवलं. "समोरून एक दाबलं जातं, एवढंच मला दिसतं. काम होतं. भाडेकरू खूश आहेत. एखादी तक्रार आली असती, तर काढलं असतं मी त्यांना."

"म्हणजे मेल्यावरही तुला पाहिजेच तो."

"रागावू नका, मामा. कामं बाकी असली की हा नाव काढूच देत नाही. दुसऱ्या कुणी ती आपल्या अंगावर घेतली तर सुटतील ते."

"मग माझ्या नावावर घाल," मी म्हणालो. खलीलबरोबर इतकी वर्षं हिंडलो होतो, नळाचं काम मला अगदीच परकं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. मोहिनीचा आवाज म्हणाला, "खलील शेख यांची कामं आपण घेत असाल, तर एक दाबा." मी एक दाबलं. आवाज पुढेही काही बोलत होता. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाभींकडे गेलो. त्यांनी पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. तुकडे गार होते.

"काल रात्री पिशवी वाजली नाही," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर झोप झालेली दिसत होती.

पहिलं काम वत्सलाबाईंचंच आलं. बाथरूमचा नळ, बुधवारी सकाळी. मी एक दाबलं. पण मंगळवारी मुलीकडे इगतपुरीला गेलो, तर तिच्या घराचे पत्रे उडालेले आणि घरात पाणी. बुधवारचा अख्खा दिवस मी तिच्या छपरावर होतो. मनात म्हटलं, येतो म्हटलंय ना, उद्या जाईन.

गुरुवारी सकाळी जिना चढलो. वत्सलाबाईंनी दार उघडलं.

"काही विसरलं का तुमचं?"

"नाही. नळाला आलोय. काल जमलं नाही."

"असं काय करता? काल दोघं आलात की."

मी आत गेलो. नळ बंद होता, थेंबही गळत नव्हता. जोडावरचा सफेदा ओला होता.

"दोघं कोण?"

"खलीलभाई आणि तुम्ही. काम त्यांनीच केलं. तुम्ही नुसते भिंतीला टेकून उभे होतात. तोंडातून शब्द नाही."

"मी इगतपुरीला होतो, बाई."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग जवळ येऊन पेशंटची धरावी तशी माझी नाडी धरली.

"जिना चढताना त्यांनी तुम्हाला धरून आणलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता बरं वाटतंय ना?"