मोरीच्या पाण्यावरचे टमाटे

संध्याने मोरीच्या भिंतीकडेला टमाट्याची पाच झाडं लावली ती काही स्वतःच्या हौसेने नव्हे. सासूने लावायला लावली. गोजरबाई नऊ वर्षं बाजेवर होती, कमरेखाली जीव नव्हता; पण हुकूम सोडायला कंबर लागत नाही. भादव्यात तिने उशाखालून एक पुरचुंडी काढली. आत राखेत घोळलेलं बी होतं, तिच्या माहेरचं.

"बाजारचे टमाटे म्हंजी नुसतं रबर," ती म्हणाली. "हे लाव. यंदाचं पहिलं फळ खाते अन् जाते मी. लई झालं आता."

जाते म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. संध्याने "असं बोलू नये आत्याबाई" म्हणायला हवं होतं. तेही ती म्हणाली नाही. पुरचुंडी घेतली आणि मनातल्या मनात दिवस मोजले. रोप, फूल, फळ, पिकणं. संक्रांतीच्या आत नक्की.

अंबडला बसस्टँडच्या मागच्या वस्तीत त्यांचं घर. नवरा मिथुन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, फक्त रविवारी घरी. दिवाळीत संध्याला एक पत्र आलं. मंठ्याच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा. राहायला खोली, नव्वद मुली, आणि रजिस्टरवर सही तिची स्वतःची. पंधरा जानेवारीला हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला. बी.ए. होऊन अठरा वर्षं झाली होती, आणि तिच्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र होतं.

मिथुनने ते वाचून घडी घातली. "माय हाय तोवर कसं काय जाऊन राह्यली तू? परक्या बाईचा हात तिला चालत न्हाई. तिचं काय ते होऊ दे, मंग बघू."

'काय ते' एवढं बोलून तो जेवायला बसला. पोटच्या पोराने म्हटलं की ते साधं असतं. सुनेच्या मनात आलं की पाप.

गोजरबाईला भरवायची एक ठरलेली रीत होती. पहिल्याच वर्षी पेज गरम लागली म्हणून तिने वाटी संध्याच्या अंगावर भिरकावली होती. तेव्हापासून प्रत्येक वाटीतला पहिला घास संध्या स्वतः चाखायची, मग तिला द्यायची. आता हात आपोआपच तोंडाकडे जायचा. त्याबद्दल चांगला शब्द एक नाही. मीठ कमी पडलं की मात्र, "चाखून काय दिवे लावले?"

फळं धरली. मुठीएवढी झाली, हिरवीगार, आणि तिथेच थांबली.

डिसेंबरभर आभाळ होतं. सकाळी दहापर्यंत धुकं, दुपारी कसलं तरी मळकट ऊन, चार वाजता पुन्हा गारठा. बाजारात भाजीवाले म्हणत होते, थंडीने माल अडकला, सगळीकडे असंच आहे. संध्याला ते पटत होतं. तरी रोज चूळ भरायच्या आधी ती झाडांपाशी जायची.

शेजारच्या साळूबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "जयभीम, संध्या. टमाटे हायेत का हापूस आंबे? उठलं की त्यांचंच तोंड बघतीस!"

संध्या हसली.

एकवीस तारखेला एका फळाने बुडाशी नारिंगी रंग धरला. संध्याने त्याच्या देठाला निळ्या लोकरीचा धागा बांधला, म्हणजे ओळखू येईल. दुसऱ्या दिवशी धागा होता आणि फळ साफ हिरवं. आपलीच नजर चुकली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. आठवड्याने ते पुन्हा रंगलं. या वेळी तिने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. सकाळी फोटोत नारिंगी होतं, हातात हिरवं. किती तरी वेळ ती दोन्ही शेजारी धरून उभी होती.

आत आली तर गोजरबाई जागीच होती.

"एक्केचाळीस हायेत ना गं अजून?"

झाडांवर टमाटे एक्केचाळीसच होते. बाजेवरून समोरची भिंत आणि भांड्यांची मांडणी, यापलीकडे काही दिसत नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? पडल्या पडल्या मोजून राह्यले."

त्या दुपारी जेवणाआधी संध्याने तिचे हात धुवायला घेतले. टमाट्याच्या झाडाला हात लावला की बोटांना हिरवट-काळा चिकट राप बसतो आणि साबणाचा फेस पिवळा निघतो. झाडं बांधताना तिचे स्वतःचे हात तसे व्हायचे. गोजरबाईच्या हातांवर साबण चोळला, तर घमेल्यात पिवळा फेस उतरला. वास तोच, उग्र, हिरवा. संध्याने तिच्या पायांवरची गोधडी बाजूला केली. तळवे कोरडे होते. नऊ वर्षांत जमिनीला न लागलेले, तान्ह्या लेकरासारखे मऊ.

"आत्याबाई, हात कशानं भरले?"

"तुलाच म्हाईत. तूच धुवून राह्यली ना."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही! म्हातारीला जायचंच नाहीये. बोलून बसली पहिलं फळ खाते अन् जाते, आणि आता फळालाच धरून ठेवलंय. हे कसं होतं ते संध्याला सांगता आलं नसतं. आपण शिकलेली बाई, असल्या गोष्टी मनात आणतो, याची तिला लाजही वाटली. पण लाजेने पंधरा तारीख पुढे जात नव्हती.

नऊ जानेवारीला तिने निळ्या धाग्याचं फळ हिरवंच तोडलं, पेपरात गुंडाळलं आणि साळूबाईकडे नेलं.

"मावशी, तुमच्या गव्हाच्या कोठीत पुरून ठेवा. आमच्या घरात पिकत न्हाई."

"घरात पिकत न्हाई म्हंजी?"

"मुंग्या लागतात."

साळूबाईने तिच्याकडे जरा नीट पाहिलं आणि पुडकं घेतलं. त्यानंतर संध्या झाडांकडे फिरकलीच नाही. मोरीचं पाणी जात होतं, तेवढं पुरे होतं त्यांना.

चौदा तारखेला दुपारी साळूबाई आली. हातात लालबुंद फळ. कुठे डाग नाही, देठाला निळा धागा तसाच.

तिने तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला. "आलं का गव्हातून?"

साळूबाईचा चेहरा उतरला. "म्या काय बोलले न्हाई बाई कोणाला," एवढंच पुटपुटली आणि चपलाही नीट न घालता घरी गेली.

संध्याने फळ चिरलं, वर मीठ भुरभुरलं. बाजेपाशी बसली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने मनात स्पष्ट म्हटलं, खा म्हातारे. खा आणि सोड मला.

फोड उचलली. आणि हात, रोजच्यासारखा, आधी स्वतःच्या तोंडाकडे गेला.

जिभेवर रस उतरला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गोजरबाई तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"कसं हाय?"

"गोड हाय."

"गोडच असतंय पहिलं," म्हातारी म्हणाली, आणि मग तिने आ केला.

उरलेल्या सगळ्या फोडी तिने खाल्ल्या. ताटलीतलं मिठाचं पाणीसुद्धा बोटाने चाटलं. मग संध्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई केलंस पोरी माझं."

नऊ वर्षं ज्या एका वाक्यासाठी जीव टाकला ते आता आलं, आणि तेही अशा दिवशी, जेव्हा आपण तिच्या मरणावर टपलो होतो! मोरीत जाऊन ती पोटभर रडली. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि पिशवी भरली. वर पत्र ठेवलं. मिथुनला फोन केला. "मी सकाळी जाऊन राह्यले मंठ्याला. तुम्ही रजा टाका अन् या."

"बघू," तो म्हणाला.

त्याने काही का बघेना. म्हातारी गेली काय, राहिली काय, साडेसातची बस तिची होती. पिशवी दाराशी ठेवून ती बाजेशेजारी खाली अंथरूण टाकून झोपली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा खिडकीतून पिवळंधमक ऊन आलं होतं.

मोरीमागे कोणी तरी तांब्याने पाणी घालत होतं.

साळूबाई असेल, असं वाटून संध्याने वर पाहिलं. बाज रिकामी होती. गोधडीची नीट घडी घातलेली.

ती ताडकन उठायला गेली. हात उठले, मान उठली. पाय उठले नाहीत. तिने मांडीला चिमटा घेतला. नख रुतलेलं दिसलं, लागलं काही नाही.

"आत्याबाई!"

पाण्याचा आवाज थांबला. भिंतीला हात लावत गोजरबाई दारात आली. मऊ तळवे फरशीवर चप चप वाजत होते. ओच्यात टमाटे होते. लाल.

"समदेच पिकले बघ एकदम," ती म्हणाली. "चाळीस."

ओचा टोपल्यात रिकामा करून तिने मोरीत हात धुतले. फेस पांढराशुभ्र निघाला.

संध्याने आपले हात उन्हात धरले. पाच दिवस तिने झाडाला बोट लावलं नव्हतं. नखांच्या मुळापर्यंत हिरवट-काळा राप होता.

"माझी बस..."

"साडेसातची," गोजरबाई म्हणाली. "म्हाईत हाय."

ती पेजेची वाटी घेऊन अंथरुणापाशी सावकाश बसली. स्टँडवर कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी मागे आली, वळली आणि मंठ्याच्या रस्त्याला लागली. दाराशी पिशवी होती, वर पत्र.

गोजरबाईने पहिला चमचा स्वतःच्या जिभेवर ठेवला. क्षणभर थांबली.

"गरम न्हाई," ती म्हणाली. "घे."